नजर जिकडे, गाडी तिकडे

"सैनिकाचा प्राण ही राष्ट्राची ठेव आहे. ती उधळण्याचा अधिकार सैनिकाला नाही," कर्नल भुल्लर मंचावरून म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांच्या पाठीमागे उभी असलेली त्यांची जिप्सी हळूच मागे सरकू लागली.

सगळं युनिट समोर सावधानमध्ये उभं होतं. जिप्सी सगळ्यांना दिसत होती, फक्त कर्नलसाहेबांना दिसत नव्हती. पण सावधानमध्ये उभ्या माणसाने बोलायचं नसतं, हलायचं नसतं, आणि नाकावर माशी बसली तर ती आपल्या मर्जीने उठेपर्यंत तिचा पाहुणचार करायचा असतो. त्यामुळे आम्ही नुसते पाहत राहिलो. जिप्सी उताराला लागली. पुढच्या बाजूला लावलेला छोटा झेंडा छान फडफडत होता.

"ज्याचा वाहनावर ताबा नाही," कर्नलसाहेबांनी बोट उंचावलं, "त्याचा स्वतःवर ताबा नाही."

जिप्सी लंगरच्या, म्हणजे फौजी भटारखान्याच्या, मागे रचलेल्या कोबीच्या ढिगात शिरली. एक पातेलं बराच वेळ गोल गोल फिरत वाजत राहिलं.

"काय झालं?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. त्यांनाही मग कारण आठवलं असावं. ते म्हणाले, "विश्राम."

"साहेब, जिप्सी," सगळं युनिट एका सुरात म्हणालं. इतका एक सूर आमच्या राष्ट्रगीतालाही कधी लागला नव्हता.

कर्नलसाहेब अर्थातच हिंदीत बोलले होते. मी ते मराठीत देतो आहे. आता मी पेन्शनीत आहे, आणि त्यांचा राग पेन्शनरांना लागू होत नाही. तेव्हा मी सुभेदार होतो. सुभेदार यशवंत धुरी, सिग्नल्स, मूळ गाव कुडाळकडचं. छावणी कुठली ते सांगत नाही. ऐन उमेदीत मी डिस्पॅच रायडर होतो, म्हणजे पहाडी चौक्यांवर बुलेटवरून डाक पोचवायची. बर्फात पडलो, चिखलात पडलो, एकदा मेंढ्यांत पडलो. पण डाक पडू दिली नाही. या एवढ्या पात्रतेवर कर्नलसाहेबांनी त्या सकाळी माझ्यावर एक जबाबदारी टाकली.

त्या काळात पोरांना स्पोर्ट्स बाइकचं नवीन वेड लागलं होतं. जवळजवळ पोटावर झोपून चालवायची, वाघासारखी गुरगुरणारी, लाल नाहीतर हिरवी गाडी. सीमेवर दोन-दोन वर्षं काढून धडधाकट परत आलेली पोरं सुट्टीत या गाड्यांवरून पडत होती. त्या वर्षात आमच्या युनिटमधल्या तिघांची हाडं मोडली, आणि एकालाही शत्रूने हात लावला नव्हता. म्हणून हुकूम निघाला की ज्यांच्याकडे असल्या गाड्या आहेत त्या अकरा जणांना सुभेदार धुरी सुरक्षित चालवायचं शिक्षण देतील. शेवटी जनरलसाहेबांसमोर प्रात्यक्षिक होईल. त्यात एक जरी गाडी पडली, तरी अकराच्या अकरा गाड्या मालगाडीने ज्याच्या त्याच्या गावी रवाना होतील आणि छावणीत परत येणार नाहीत.

जिप्सीचा हँडब्रेक लावायला विसरलेले ड्रायव्हर म्हणजे हवालदार वाघमोडे. त्यांना शिक्षा म्हणून सुरक्षा प्रशिक्षणात माझे मदतनीस म्हणून नेमण्यात आलं.

हाडं मोडलेल्या तिघांपैकी एकाचा साखरपुडा माझ्या मुलीशी, दीपालीशी, झालेला होता.

नायक ओंकार शेडगे. साताऱ्याकडचा, जावळीतला. पोरगा सरळ, काटक, आणि जरा जास्तच आज्ञाधारक. आमच्या घरीसुद्धा मी आत आलो की चहाचा कप हातात धरून सावधानमध्ये उभा राहायचा. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला येताना वळणावर मैलाच्या दगडावर आदळला आणि हासळीचं हाड मोडून घेतलं. तरी आला. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पेढ्यांचा चेपलेला बॉक्स.

"एवढा रस्ता मोकळा होता, ओंकार. नेमका दगडच कसा सापडला?" मी विचारलं होतं.

"साहेब, त्याला धडकायचं नाही म्हणून मी त्याच्याकडेच बघत होतो."

माझ्या बायकोने, रजनीने, ते पेढे देवापुढे ठेवले, ओंकारला पोटभर जेवू घातलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "ह्या लगीन होवचा नाय."

रागावली की रजनी मालवणीत शिरते. ओंकारशी मात्र शुद्ध मराठीत बोलायची, कारण तो घाटावरचा.

"अगं, पोरगा चांगला आहे."

"पोरगो चांगलो आसा. ती गाडी नाय, येडो रेडो आसा. माझा चेडू तेच्यावर बसाचा नाय."

मग ती थांबली. पदराने हात पुसले आणि माझ्याशीही शुद्ध मराठीत बोलू लागली, तेव्हा मी बसलो. ती शुद्ध बोलते तेव्हा बसून ऐकायचं असतं.

"तुम्ही पहाडात होता तेव्हा दारावर पोस्टमन आला की मी आधी देवाला हात जोडायचे आणि मग दार उघडायचे. अर्धं आयुष्य असं काढलं. त्याची माझी तक्रार नाही, ती नोकरी होती. पण सीमेवरून माणूस परत येईल का, ही काळजी निराळी, आणि पेट्रोल भरायला गेलेला परत येईल का, ही निराळी. दुसरी काळजी मी माझ्या मुलीला आंदण देणार नाही."

आत दीपाली भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला, आणि बऱ्याच वेळाने, हलक्या हाताने, परत सुरू झाला.

शेवटी तडजोड अशी ठरली की रजनीने जनरलसाहेबांसमोरचं प्रात्यक्षिक स्वतः येऊन बघायचं. ओंकार पडला तर लग्न मोडलं. नाही पडला तर, रजनीच्या शब्दांत, "मग बघूया." तिचं 'मग बघूया' हे होकारापासून आणि नकारापासून सारख्याच अंतरावर असतं.

मला आधी शिकवायला शिकण्यासाठी दक्षिणेत एका शर्यतीच्या ट्रॅकवर पाठवलं. तिथे सगळ्यांना चामड्याचा सूट घालायला देतात. मी कसाबसा आत शिरलो, श्वास बाहेर राहिला. शिकवणारी मुलगी दीपालीच्या वयाची होती. मी पहिल्याच वळणावर टायर रचून केलेल्या भिंतीत गेलो. ती शांतपणे चालत आली.

"अंकल, तुम्ही कुठे बघत होता?"

"या भिंतीकडे."

"का?"

"तिला धडकू नये म्हणून."

"गाडी हातांनी वळत नाही, अंकल. डोळ्यांनी वळते. जिथे जायचंय तिथे बघा. जिथे जायचं नाही, ते जगात नाहीच असं समजा."

मला ओंकारचा मैलाचा दगड आठवला. पेन्शनीला आलेल्या डिस्पॅच रायडरला आणि नवख्या नायकाला एकच रोग होता, आणि औषधही एकच.

परत आल्यावर मी ते औषध फौजी पद्धतीने पाजलं. फौजेला शिकवायची एकच पद्धत येते: मेंदूला न विचारता अंगाला शिकवायचं. आधी आठवडाभर गाडीच नाही. अकरा जवान डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे घालून, नसलेलं हँडल धरून पायी पळत आणि वळत. तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला मी मनाई केली होती, तरी वाघमोडेंना ती पाळता आली नाही. मग गाड्या. लंगरमधले तुपाचे रिकामे डबे लाल-पांढरे रंगवून मैदानात मांडले, आणि प्रत्येक डब्याला वळसा घालण्याआधी डोळे डब्याच्या पलीकडे गेले पाहिजेत असा दंडक घातला. रोज सकाळी अकराही जणांनी ओरडायचं, "नजर जिकडे, गाडी तिकडे." इतकं ओरडून घेतलं की रविवारी न्हावी मान वळवायला सांगायचा तेव्हा पोरांचं सगळं अंगच खुर्चीत कलायचं.

ओंकार सगळ्यांत सरस निघाला. हाड जुळलं होतं आणि पडायची हौस फिटली होती. गाडी कशी झुकवायची, ब्रेक कसा हळूहळू दाबायचा, सगळं त्याने अंगात मुरवलं. म्हणून रांगेत सर्वांत पुढे मी त्यालाच ठेवला. बाकीच्यांची नजर पुढच्याच्या पाठीवर, म्हणजे ओंकार जिकडे जाईल तिकडे सगळी रांग जाणार.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. मैदानाच्या उजव्या अंगाला बुटका मंच, मंचावर जनरलसाहेबांसाठी सोफा, आणि तालमीपुरते जनरलसाहेब म्हणून हवालदार वाघमोडे. जनरलसाहेबांना चहा देणार होते, म्हणून वाघमोडेंनीही चहा मागवून घेतला होता. कर्नलसाहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी तालमीआधी एकच छोटीशी भर घातली.

"मंचासमोरून जाताना सलामी होईल. 'दाहिने देख' म्हटलं की सगळे उजवीकडे बघतील. पायदळ करतं तसंच."

मी 'जी साहेब' म्हणालो. फौजेत कुठल्याही गोष्टीवर विचार 'जी साहेब' म्हटल्यानंतर सुरू होतो.

रांग आली. अकरा गाड्या, सारखं अंतर, सारखा वेग. डोळ्यांत पाणी यावं अशी. मंचाजवळ आल्यावर मी आवाज दिला, "दाहिने देख."

अकरा माना खटकन उजवीकडे वळल्या. अकरा जोडी डोळे वाघमोडेंवर खिळले. आणि अकरा गाड्या, मी शिकवलं होतं अगदी तशा, सुरेख झुकून, एका ओळीत, मंचाकडे निघाल्या.

इतकं निर्दोष वळण त्या आधी एकदाही जमलं नव्हतं.

ब्रेकही निर्दोष लागले. एकही गाडी पडली नाही. फक्त ओंकारच्या गाडीचं पुढचं चाक सोफ्याच्या गादीवर टेकलं होतं, आणि सोफ्यावर जनरल नव्हते.

सोफ्यामागून कपबशी हातात धरून वाघमोडे उभे राहिले.

"खरा जनरल असतो तर बसलो असतो, साहेब," ते मला म्हणाले. "पण माझं पेन्शन अजून बाकी आहे."

ओंकारने हेल्मेटची काच वर केली. चेहरा पांढराफटक. "साहेब, तुम्हीच म्हणाला होता. नजर जिकडे."

"मीच म्हणालो होतो."

कर्नलसाहेब माझ्या अगदी जवळ आले. "सुभेदार साहेब, उद्या तिथे खरे जनरलसाहेब असतील."

"साहेब, सलामी काढून टाकू."

"जनरलसाहेबांसमोरून फौज सलामीशिवाय जाणार? मग आपण फौज कसली, वरात झाली."

"मग मान वळवू नये. नुसता हात."

"नजर न देता सलामी म्हणजे बसमध्ये दांडी धरल्यासारखं. नाही. तुम्ही त्यांना तो डोळ्यांचा धडा उद्यापुरता विसरायला सांगा."

"साहेब, आपल्याकडे शिकवलेलं विसरायची कमांड नाही."

कर्नलसाहेबांनी यावर खरंच थोडा विचार केला. नसावी असं त्यांनाही वाटलं. "मार्ग तुम्ही काढा," ते म्हणाले. "पण एक गाडी पडली तर मालगाडी ठरलेली आहे. आणि एक गाडी मंचावर आली, तर त्या मालगाडीत तुम्हीसुद्धा असाल."

ते गेले. मी आणि वाघमोडे सोफ्यावर बसलो. गादीवर टायरची नक्षी उमटली होती.

"साहेब, मंच समोर नेला तर?" वाघमोडे म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे बाजूला कशाला? मैदानाच्या टोकाला ठेवायचा. पोरं सरळ त्याच्याकडेच येतील. नजर आपोआप जनरलसाहेबांवर. मान वळवायला नको. सलामी पण झाली, धडा पण झाला."

"आणि मग?"

"मग आपण शिट्टी वाजवायची, आणि पोरं डावीकडे वळतील."

मी वाघमोडेंकडे नव्या नजरेने पाहिलं. हँडब्रेक सोडला तर माणूस कामाचा होता. पण एक अडचण राहत होतीच. जवानाने जनरलवरून नजर काढायची कधी, हे जनरल ठरवतो, जवान नाही. वर्षानुवर्षं हाडांत मुरलेली सवय. शिट्टी वाजली आणि ओंकारचे डोळे जनरलसाहेबांवरून सुटलेच नाहीत, तर अकरा गाड्या सरळ मंचावर.

"त्याचे डोळे ओढून घेईल असं डावीकडे काहीतरी पाहिजे," मी म्हणालो. "जनरलपेक्षा जोरदार."

"जनरलपेक्षा वरचं काय असतं, साहेब?"

मैदानाच्या डाव्या कडेला एक कडुनिंब होता. त्याची सावली बघता बघता मला उत्तर सापडलं. बाप म्हणून ते मला आवडलं नाही. सुभेदार म्हणून फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी मंच मैदानाच्या टोकाला हलवला, आणि बाकीची कुटुंबं मांडवात बसली. मी कडुनिंबाखाली दोन खुर्च्या वेगळ्या मांडल्या आणि रजनीला म्हणालो, "इथे सावली आहे. दोघी इथेच बसा." दीपालीने निळी साडी नेसली होती. त्या निळ्या साडीकडे ओंकार आमच्याकडे आला की भिंतीआडूनसुद्धा वळायचा, हे मला माहीत होतं. तसं मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

ओंकारला मी गाड्यांपाशी गाठलं.

"समोर जनरलसाहेब. त्यांच्यावर नजर ठेवून सरळ यायचं. शिट्टी झाली की नजर डावीकडे, कडुनिंबाखाली. तिथून पुढे वळसा घालून बाहेर."

"कडुनिंबाखाली काय आहे, साहेब?"

"शिट्टी झाली की बघ."

"जी साहेब." मग जरा घुटमळून, "साहेब, मामी आल्यात का?" रजनीला तो मामी म्हणायचा.

"आल्यात."

त्याने काच खाली केली.

जनरलसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, छातीवर पदकांच्या चार ओळी. मंचावर चढले आणि सोफ्यावर बसलेच नाहीत. सलामी घ्यायला उभे राहिले. शेजारी अर्धं पाऊल मागे कर्नलसाहेब. मी मंच आणि कडुनिंब यांच्या मध्ये, तोंडात शिट्टी. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला.

मी एकदा डावीकडे खात्री करून घेतली. कडुनिंबाखाली एक खुर्ची रिकामी होती.

रजनी एकटीच बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि चेहऱ्यावर 'मग बघूया.'

मी झटकन मंचाकडे पाहिलं. ऐनवेळी कर्नलसाहेबांच्या मॅडमना हाराचं तबक धरायला कोणीतरी नीटनेटकी मुलगी हवी होती, आणि त्यांनी दीपालीला बोलावून घेतलं होतं. माझी मुलगी निळ्या साडीत, हातात तबक घेऊन, जनरलसाहेबांच्या अगदी शेजारी उभी होती.

म्हणजे त्या मैदानात ओंकारने बघावं असं जे जे होतं, ते सगळं आता समोर एकाच मंचावर होतं.

थांबवायला वेळ नव्हता. अकरा गाड्या येत होत्या. सरळ, एका रेषेत, सारख्या वेगाने. जनरलसाहेबांनी हात कपाळाला नेला. सलामी घेणारा माणूस हलत नाही. त्यांच्या शेजारचे कर्नलसाहेबही मग हलू शकत नव्हते, आणि त्यांना मार्ग काय काढला आहे हे मी अर्धंच सांगितलं होतं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळताना मला दिसत होता. वाघमोडे मांडवाच्या खांबामागे गेले.

मी शिट्टी वाजवली.

ओंकारचं हेल्मेट हललं नाही.

मी पुन्हा वाजवली. शिट्टी कसली, प्राणच फुंकला.

हेल्मेट डावीकडे वळलं. आधी हेल्मेट, मग खांदे, मग गाडी. जनरलसाहेबांच्या बुटांसमोरून वारा जावा तशी ती लाल गाडी झुकली, मागची झुकली, तिच्या मागची झुकली. हाराच्या दोन-तीन पाकळ्या तबकातून उडाल्या. अकराही गाड्या मंचाला वळसा घालून, कडुनिंबाला वळसा घालून, मैदानाच्या कडेला जाऊन एका ओळीत उभ्या राहिल्या. इंजिनं एकदम बंद झाली. चाकं आणि स्टँड सोडून एकाही गाडीचं जमिनीला काही टेकलं नव्हतं.

मी तोंडातली शिट्टी काढून खिशात घातली.

जनरलसाहेबांनी हात खाली घेतला. "ही अशी सलामी कोणाची कल्पना?"

"सुभेदार धुरींची, सर," कर्नलसाहेब म्हणाले. इतक्या तत्परतेने त्यांनी श्रेय मला त्याआधी कधी दिलं नव्हतं.

जनरलसाहेबांनी मला जवळ बोलावलं. "मी तोफा समोरून पाहिल्या आहेत, सुभेदार साहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "पण त्या तोफा माझ्याकडे बघत नव्हत्या." मग मिशीला हात लावला. "पोरं पक्की तयार झाली आहेत. गाड्या राहू द्या."

कर्नलसाहेबांनी इतका मोठा निःश्वास सोडला की माझ्या टोपीचा तुरा हलला. मालगाडी रद्द झाली. खांबामागून वाघमोडे बाहेर आले आणि चहा वाटू लागले.

मी गाड्यांकडे धावलो. ओंकार गाडीवरून उतरून तिला धरून उभा होता.

"पहिल्या शिट्टीला का नाही वळलास?"

"साहेब, दीपाली दिसली."

"ते मलाही दिसलं. मग वळलास कसा?"

"तुम्ही सांगितलं होतं कडुनिंबाखाली बघ. नुसती डोळ्यांच्या कोपऱ्यातून नजर टाकली, तर मामी." त्याने मोज्याने कपाळ पुसायचा प्रयत्न केला, पण मध्ये हेल्मेट होतं. "साहेब, मी धडकलो असतो तर जनरलसाहेबांनी शिक्षा केली असती आणि सोडलं असतं. दीपालीने चार दिवस अबोला धरला असता. मामींनी मला जन्मभर सोडलं नसतं. मग मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. पुढे गाडी आपोआप आली."

आम्ही दोघं कडुनिंबाकडे निघालो. दीपालीही तबक कोणाच्या तरी हातात देऊन तिथे पोचली होती. रजनी अजून खुर्चीतच होती, पर्सवर दोन्ही हात ठेवून. हातांची बोटं पांढरी पडली होती.

"तो माझ्याकडे बघत होता," ती मला म्हणाली. मालवणीत नाही.

"हो."

"समोर एवढा मोठा साहेब. समोर दीपाली. आणि तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. एकदा पापणी हलवली नाही पोराने."

काचेतून, तेवढ्या लांबून, पापणी हिला कशी दिसली असेल, हे मी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे थांबायचं तेवढं कळतं.

ओंकार तिच्यापुढे सावधानमध्ये उभा राहिला. हेल्मेट काढून काखेत घेतलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. त्याने बहुधा रात्रभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"मामी, तुम्ही म्हणाल तर मी ही गाडी आजच्या आज विकतो. तुमच्या मनात माझ्याविषयी जी काही..."

"विकायची काही गरज नाही," रजनी म्हणाली.

तिने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या, मग उठली, आणि गाड्यांच्या रांगेपर्यंत चालत गेली. आम्ही तिघं मागोमाग. ओंकारच्या त्या लाल, गुरगुरणाऱ्या, वाऱ्याला कापत जाणाऱ्या गाडीभोवती तिने एक पूर्ण फेरी मारली. मागच्या चाकापाशी वाकली, बराच वेळ निरखून पाहिलं, आणि कंबर धरून सरळ झाली. दीपालीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"जावईबापू," रजनी म्हणाली, "मागच्या चाकाला तेवढं एक साडी गार्ड लावून घ्या."